दहा नायक आणि एक संपादक

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात एका ॲनिमेशनपटाची शेवटची बावीस मिनिटे आवाज बंद करून दाखवण्यात आली. पडद्याशेजारी बसून दहा मुलांनी त्यातले संवाद मराठीत म्हटले. त्यांतली एक माझी मुलगी. वय अकरा.

चित्रपटाची कथा अशी. पाच महानायकांचा एक संघ आहे. दुसऱ्या एका विश्वात हेच पाच जण, याच पोशाखात, पुन्हा आहेत. एका विश्वात त्यांना काचेची इमारत आणि कीर्ती मिळाली आहे. दुसऱ्यात ते अजून गॅरेजमधून काम करतात. आकाशाला भोक पडते, त्यातून एक राक्षस येतो, दोन्ही संघ समोरासमोर येतात, खरे कोण यावर तासभर भांडतात आणि उरलेल्या वेळात जग वाचवतात. प्राधान्यक्रम योग्यच म्हणायचा.

मराठी मंडळाला हा चित्रपट पसंत पडला, कारण मंडळातही दोन संघ आहेत. एक, कैक पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या घराण्यांचा; दुसरा, पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेल्यांचा. दोघांची एकी व्हावी असा ठराव दरवर्षी एकमताने होतो, दोन वेगळ्या बैठकांत, कारण वाटेत बेळ्ळंदूरची वाहतूक. या वेळी ठरले की काचेच्या इमारतीतला संघ नव्यांच्या मुलांनी बोलायचा आणि गॅरेजचा जुन्यांच्या. कोणता संघ कोणाकडे, यावर चर्चा झाली नाही.

मी पुण्याचा, बायको इथल्या जुन्या घराण्यातली. मुलगी आईसारखी, मराठीत कानडी मिसळून बोलते, म्हणून ती गॅरेजमध्ये गेली आणि त्या संघाची नेता झाली. आधीच्या तीन वर्षांत मंडळाने तिला एकही वाक्य दिले नव्हते. "मिक्स बोलते," हे कारण. ती एकदा झाड झाली, एकदा मावळा आणि एकदा तिने पडदा ओढला. या वेळी तिला एकोणतीस संवाद होते. ते तिने चार दिवसांत पाठ केले.

संवाद दोन्ही गटांनी आपापले लिहिले होते. मंडळाच्या कार्यवाह ताईंनी ते नंतर माझ्याकडे पाठवले, कारण मी वृत्तपत्राच्या संपादन विभागात सव्वीस वर्षे काढली आहेत. "नुसती नजर टाका सर," त्या म्हणाल्या. अशा माणसाला नुसती नजर टाकता येत नाही. बातमी कोल्हापूरहून येवो की नागपूरहून, छापताना एकाच हाताने लिहिलेली दिसली पाहिजे, हे मला शिकवलेले. मी गॅरेजच्या संवादांतले कानडी काढले: 'स्वल्प'चे 'क्षणभर', 'सरी'चे 'ठीक' आणि 'साकू'चे 'पुरे' केले. काचेच्या इमारतीतले इंग्रजी काढले. एका बैठकीत दहाही नायक माझ्यासारखे बोलू लागले.

बायकोने कागद वाचले. "छान. आता राक्षसाकडून अग्रलेख लिहून घ्या."

मुलगी अडखळू लागली. 'क्षणभर थांब' म्हणायचे असताना तोंडातून 'स्वल्प थांब' निघायचे, ती ते सुधारायची, तोवर पडद्यावरचा नायक थांबून, उडून, इमारतीवर आपटलेला असायचा.

ताईंचा फोन आला. "ॲक्टिंग मस्त करते हो ती, पण टायमिंग जातंय. आमच्या बिल्डिंगवाल्या टीमची लीडर दोन्ही लीडर करेल. कॅरेक्टर एकच तर आहे." रंगीत तालमीत मुलगी अडखळली तर भूमिका जाणार, असे ठरले. मी ते तिला सांगितले.

"मग मी काय करू? पडदा ओढू?" तिने विचारले.

या वेळी पडदा भिंतीला ठोकलेला होता.

रंगीत तालीम दोन दिवस आधी झाली. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर एकसारख्या पोशाखातले दहा जण आले आणि एकसारखे बोलू लागले.

"आता बोललं ते कोण?" अण्णांनी विचारले. "गॅरेजातलं का बिल्डिंगमधलं?"

त्यांना सांगण्यात आले. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा ताईंनीच चुकीच्या मुलाला खूण केली आणि राक्षसाला धमकी न मिळता मार मिळाला. त्या गोंधळात मुलगी अडली. पडद्यावर नेत्याचे तोंड हलत राहिले, आवाज नव्हता.

"पोरी, घरी बोलतेस तसं बोल की," अण्णा म्हणाले. "हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या वृत्तपत्रात चूक कोणी करत नसे. ती 'अनवधानाने' होई आणि आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली सुधारली जाई. इथे आतले पान नव्हते. "चूक माझी," मी म्हणालो. "मूळ कागद जपून ठेवलेत."

"सर, दोनच दिवस राहिलेत!"

"तेच तिला पाठ आहेत," बायको म्हणाली. "ह्यांचे फक्त विसरायचेत."

"पण लोकांना स्वल्प-बिल्प कळेल का?" ताईंनी विचारले.

"तुम्ही भाजी कुठनं घेता ताई?" अण्णा म्हणाले. "तिथं भाजीवालीचं स्वल्प कळतंय न्हवं?"

ताईंनी मान्य केले, एका अटीवर. दुसऱ्या संघाची नेता, पुण्याची मुलगी, शेजारी कागद घेऊन बसेल. माझी मुलगी एकदा जरी अडली तर तिथून पुढचे सगळे ती म्हणेल.

कार्यक्रमाच्या दिवशी पुण्याची मुलगी शेजारी बसली. तिसऱ्या मिनिटाला दोन्ही नेते समोरासमोर आले.

"आधी आपण अलाइन होऊ या," पुण्याची मुलगी म्हणाली. "मग प्लॅन शेअर करते."

"स्वल्प सरक गं अक्का," माझी मुलगी म्हणाली. "प्लॅन होईपर्यंत शहर राहतंय का?"

डावीकडच्या, जुन्यांच्या खुर्च्या हसल्या. उजवीकडच्या, नव्यांच्या, थोड्या उशिराने हसल्या. कोण बोलले, हे अण्णांनी विचारले नाही. पंधराव्या मिनिटाला मुलगी थांबली. शेजारचा कागद वर झाला. मुलीने श्वास घेतला, "साकू, आता माझी पाळी," म्हणाली आणि पुढे गेली. कागद खाली आला.

बावीस मिनिटे संपली तेव्हा गॅरेजच्या नेत्याचे एकोणतीसही संवाद मुलीच्या आवाजात झाले होते.