फिलिमोनेची लेक

कालोलाइनेबाईंचं तोंड अख्ख्या नुकुअलोफा शहराला ठाऊक होतं. त्यांच्या हृदयाची झडप बिघडलीय, हे मात्र डॉक्टरीण सिआलेलाच आधी कळलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "मावशी, घरात कुणाला ऑपरेशननंतर त्रास झाला होता? असलं काही रक्तातून येतं."

"झाला की! आमच्या बाचं, फिलिमोनेचं, काळीज आठवडाभर घोड्यासारखं उधळलं होतं. नाकही त्याचंच घेतलंय मी!"

सिआलेने काळजीने, काळीज उधळू नये म्हणून, एक औषध वाढवलं. तेवढ्यात उकडलेले कंद घेऊन आलेली बाईंची धाकटी बहीण मध्येच पचकली, "नाक आपल्या बाचं आहे, ताई. फिलिमोने आत्याचा नवरा!"

"मग? आत्याने मला तान्ही असतानाच मागून घेतली. आमच्यात आत्याचा मान सगळ्यांत मोठा, तिला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

"म्हणजे फिलिमोने रक्ताचा नाहीच!" सिआलेने कपाळावर हात मारला. "जन्मदात्यांचं सांगा."

"त्या दोघांचीही ऑपरेशनं झाली, काहीएक त्रास नाही," बाई फणकारल्या. "पण मला खांद्यावर बसवून चर्चला नेलं ते फिलिमोनेने. तुमच्या रक्ताला काय कळतंय!"

सिआलेने वाढवलेलं औषध खोडून टाकलं. ऑपरेशन झकास झालं. दोन दिवसांनी मात्र खाटेजवळचं यंत्र किंचाळायला लागलं. बाईंचं काळीज चौखूर उधळलं होतं. सिआले धापा टाकत आली.

बाई घामाघूम झालेल्या, पण चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद.

"आता लिही गं पोरी," त्या म्हणाल्या, "मी कुणाची लेक ते."