सोनेरी वचनांचा तक्ता

मी माफी मागितली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही जणांना अजून वाटतं की मी ती मागितली, आणि काहींना वाटतं की मागायची होती पण माझा घसा दाटून आला. घसाबिसा काही दाटला नव्हता. चांगली ठणठणीत उभी होते.

आम्ही मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. नेरूळला आमचं लहानसं चर्च आहे आणि तिथे मी एकोणीस वर्षं मुलांचं संडे स्कूल घेतलं. शाळेतली नोकरी पोटासाठी केली, पण रविवारचा तो एक तास माझा स्वतःचा होता. मला मूल नाही. नवरा बारा वर्षांपूर्वी अटॅकने गेला. तेव्हा तो तास माझ्यासाठी काय होता हे वेगळं सांगायला नको.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक कोकणी मुसलमान बाई राहतात, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी त्यांना आपा म्हणते, त्या मला टीचर म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मुलगा तळोजाला कंपनीत, सून नोकरीला, म्हणून मंगळवार मी अंगावर घेतला. सेंटर छोटं आहे, ओळख झाल्यावर मला आत बसू द्यायला लागले. आपा चार तास खुर्चीत पडून असतात. एका हातात सुया, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा. तशाही स्थितीत त्या माळ घेऊन अल्लाची नव्व्याण्णव नावं म्हणायच्या आणि माळ सारखी निसटून खाली पडायची. दोनदा नर्सने उचलून दिली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, द्या इकडे, नावं तुम्ही घ्या, मणी मी ओढते.

मणी ओढता ओढता मी अर्थ विचारायला लागले, मास्तरणीची खोड. कृपाळू. राजा. पवित्र. घडवणारा. ऐकणारा. नमवणारा आणि उंच करणारा. मी चाटच पडले. ही सगळी माझ्या ओळखीची, लहानपणापासून पाठ केलेल्या वचनांतली. 'पिता' तेवढं नव्हतं. विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाय, त्याला बाप आमी नाय बोलत. त्याला ना कुनी बाप, ना पोरं." मीही गप्प बसले नाही. माझी प्रार्थनाच त्या शब्दाने सुरू होते, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचं नाव घेतलं.

एका नावापाशी मात्र मी मणी धरून ठेवला. त्याचा अर्थ त्यांनी नुकसान पोचवणारा असा सांगितला. देव आणि नुकसान? मी म्हटलं, हे आमच्यात बसत नाही.

"मग माज्या किडन्या कुनी नेल्या," आपा म्हणाल्या, "नर्सने?"

मला हसू आलं आणि रागही आला. बारा वर्षं मी देवाला पिता म्हणत होते, कनवाळू म्हणत होते, आणि नवऱ्याच्या मरणाबद्दल त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. घरी येऊन शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. अनर्थही माझ्याच हातून येतो, असं देव तिथे संदेष्ट्याच्या तोंडून स्वतः कबूल करतो. ते वचन मी कितीदा तरी वाचलं होतं आणि दरवेळी पान उलटून पुढे गेले होते. त्या संध्याकाळी मी देवाशी कडाकडा भांडले. बारा वर्षांत मी केलेली ती पहिली खरी प्रार्थना होती.

आमच्याकडे संडे स्कूलच्या मुलांनी दर रविवारी शास्त्रातलं एक वचन पाठ करून यायचं असतं, त्याला सोनेरी वचन म्हणतात. मी प्रत्येकाला आपांच्या यादीतली दोन-तीन नावं वाटली आणि प्रत्येक नावाला जुळणारं वचन शोधून आणायला सांगितलं. मुलांनी आईबापांना, आजीआजोबांना कामाला लावलं. त्रेचाळीस नावांना वचनं मिळाली. 'आपला देव कसा आहे' असा मोठा तक्ता तयार झाला आणि चर्चच्या समोरच्या भिंतीवर लागला. पाळकसाहेबांनी त्यावर लागोपाठ दोन रविवार उपदेश केला. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळातले एक जण, बँकेतून निवृत्त झालेले, माझं तोंडभरून कौतुक करत होते. चहा घेता घेता त्यांनीच विचारलं, ही यादी कुठल्या पुस्तकातून घेतलीत?

मी म्हटलं, समोरच्या आपांच्या माळेवरून.

बुधवारी वडील मंडळाची सभा लागली. तोवर तक्ता भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथा ठेवला होता. ही माणसं वाईट नाहीत, हेही लिहायला हवं. त्यांचं म्हणणं असं की नावं सारखी दिसली म्हणून ओळख सारखी होत नाही. ते लोक देवाला पिता म्हणत नाहीत, पुत्राला मानत नाहीत, क्रूस मानत नाहीत. मुलांचा गोंधळ होईल. मी म्हटलं, मान्य. सगळं एकच आहे असं मी म्हणत नाही आणि आपाही म्हणणार नाहीत. पण यातलं कुठलं नाव खोटं आहे ते दाखवा, आत्ता तुमच्यासमोर खोडते. मी तक्ता सुलटा केला. कुणी हात लावला नाही.

बँकवाले म्हणाले, प्रश्न नावांचा नाहीच, ती कुणाकडून आली याचा आहे.

मग माझं डोकं सटकलं. मी विचारलं, आपल्या शास्त्रात देवाला स्वतःहून नाव देणारं पहिलं माणूस कोण? सगळ्यांना माहीत होतं. मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली परमुलखातली गरोदर दासी. मला पाहणारा देव, असं ती त्याला म्हणाली. आणि तिच्या पोटातल्या मुलाला आपांचे लोक नबी, म्हणजे संदेष्टा मानतात.

"त्या दासीचं चालतं तुम्हाला," मी म्हटलं, "मग माझ्या शेजारणीचं का नाही?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले, प्रार्थनेसाठी की वैतागून, ते कळलं नाही. शेवटी असं ठरलं की रविवारी मी मंडळीसमोर उभं राहून दोन वाक्यं म्हणायची. यादी परक्या धर्मातून घेतली ही चूक झाली. मंडळीने क्षमा करावी. तेवढं म्हटलं तर वर्ग माझ्याकडे राहणार होता, माझी सोळाच्या सोळा मुलं.

खोटं कशाला बोलू, शनिवारभर मी ती वाक्यं म्हणून पाहिली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. मुलांसाठी म्हणून टाकावीत असंही वाटलं. पण 'चूक' म्हणताना दरवेळी जीभ अडायची. ज्या यादीने मला देवाशी भांडायला शिकवलं ती चूक, आणि बारा वर्षं मी गोड गोड बोलत होते ते बरोबर?

रविवारी मी उभी राहिले. सांगितलं की या यादीमुळे मी माझ्या देवाला जास्त ओळखायला लागले, आणि देवाला ओळखल्याची माफी मी मागणार नाही. एवढं बोलून खाली बसले. गीत सुरू झालं तेव्हा मुद्दाम मोठ्याने गायले.

वर्ग त्याच आठवड्यात दुसऱ्या बाईंना दिला. चर्चला मी अजून जाते, माझ्या नेहमीच्या बाकावर बसते. घालवायचं असेल तर मला उचलून न्यावं लागेल.

मंगळवारी आपांना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी मुलांची चौकशी केली आणि मी रडले, आजूबाजूचे पेशंट बघत असताना रडले. सगळं ऐकून त्या माझ्यावरच चिडल्या. माझ्यापायी पोरं घालवलीत, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्यापायी नाही, माझ्या स्वतःपायी.

मग त्यांनी सांगितलं की कुरकुर त्यांच्याही घरी झाली होती. नर्स सुया टोचत असते तेव्हा मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करते, ते त्यांच्या जावेने एकदा पाहिलं होतं. ती ख्रिश्चन बाई काहीतरी पुटपुटते, तिला थांबवा, असं तिने घरी सगळ्यांसमोर काढलं.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"मी बोलले, ती तिच्या बापाशी बोलते," आपा म्हणाल्या. "माज्याबद्दल सांगते त्याला. बोलू दे."