घोंगड्यावरून आधी उतरलेलं पिल्लू

घरमालकीण काकूंचं आधी सांगतो, मग कुत्र्याचं. काकू मूळच्या वाईच्या, सासर खंडाळ्याला. त्यांच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. तापानं पडलो तेव्हा त्यांनीच पेज करून दिली होती. त्या नसत्या तर मी कधीच पळून गेलो असतो. आता पळून जायचं तरी कुठं, हा प्रश्न वेगळाच.

माझं गाव जतच्या पल्याड. आठवीतून शाळा सुटली ती मेंढरांमागं जायला. पुढं मेंढरंच विकली, आणि मी हिकडं कंपनीत आलो. कामावर असलो की वाटायचं, खोलीवर काहीतरी झालंय. खोलीवर असलो की वाटायचं, गावाकडं काहीतरी झालंय. कुलूप उघडताना आत कुणीतरी हालचाल करणारं असावं, एवढीच इच्छा होती. म्हणून कुत्रं पाळायचं ठरवलं.

कंपनीत पोरांबरोबर डबा खाताना विषय निघाला.

"पामेरियन घे, गड्या. मांडीवर बसतंय."

"लॅब घे, लॅब! तुझा निम्मा डबा त्येलाच जाईल ते सोड."

"आरं, ह्येच्या खोलीत ह्योच मावत न्हाई, आन म्हणं लॅब!"

मीही हसलो. पण मनात म्हटलं, मांडीवर बसतंय ते काय कुत्रं?

काकूंनी मात्र एकच विचारलं. "तू बारा तास कामाला. तेवढा वेळ त्यानं काय करायचं?"

"राखण करंल की, काकू."

"कशाची रे? बादलीची का चटईची?"

मी ते हसण्यावारी नेलं.

दिवाळीला मामाकडं गेलो. तिथं धनगरी कुत्रीला पिल्लं झाली होती. आमच्यात पिल्लू निवडायची एक रीत आहे. सगळी पिल्लं घोंगड्यावर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. जे आधी उतरून चालू लागतं, ते कळपाबरोबर फिरायला चांगलं. जे घोंगड्यातच घुटमळतं, ते दाराशी बसायला. एक काळं पिल्लू बाकीच्यांना तुडवत खाली उतरलं आणि थेट बाभळीकडं निघालं. मला लय आनंद झाला. "ह्येच पाहिजे," मी म्हणालो. आपल्याकडं आता कळप नाही, खोली आहे, हे त्या घडीला माझ्या ध्यानातच आलं नाही. मामाच्याही आलं नाही.

पिल्लू होतं तोवर निभावलं. मग पाय लांब झाले, छाती भरली. मी त्याला दाराशी बांधून कामाला गेलो की ते रडायचं. काकू दया येऊन दोर सोडायच्या. सुटलं की काकूंच्या कोंबड्या वळून एका कोपऱ्यात आणायचं. एकदा शाळेला निघालेली पोरं त्यानं भिंतीशी गोळा करून ठेवली. चावलं कुणाला नाही, पण पोरं भेदरली. शेजारी म्हणाले, "कुत्रं तरी घालवा, नाहीतर भाडेकरू तरी." काकूंनी त्यांना महिनोन्‌महिने थोपवलं. पण कुत्र्याच्या मानेवरचे केस दोरानं घासून गेले होते, ते रोज मलाच दिसायचे.

पुढची दिवाळी झाली आणि आमच्या पूर्वेकडचे कळप हिकडं उतरले. काकूंनी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवली. माझ्या सुट्टीच्या दिवशी म्हणाल्या, "चल. त्यालाही घे."

मेंढरांचा वास आला तसं कुत्रं थरथरायला लागलं. मेंढक्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचं रं ह्ये?"

"माझंच, बाबा."

"काम काय करतंय?"

"खोलीत असतंय."

त्यानं वाकून मान चाचपली. "म्होरं चालणारं कुत्रं हाय ह्ये, लेकरा. बांधून येडं करशील त्येला."

काकू म्हणाल्या, "ठेवून घ्याल का?"

मी काकूंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. मीच दोर सोडला.

कुत्रं कळपाला एक फेरी मारून आलं आणि म्हाताऱ्यानं अंथरलेल्या घोंगड्यावर जाऊन बसलं. निघताना मी हाक मारली. त्यानं शेपटी हलवली. घोंगड्यावरून उतरलं नाही.

वाटेत काकूंनी माझ्या हातातला दोर घेतला, गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला. रिकामा दोर घेऊन मला आवारात शिरायला लागू नये म्हणून.

आता डबा खाताना पोरं पुन्हा जाती सुचवतात. मीही विचार करून बघितला. बारा तास कुलूप, तापलेला पत्रा, आल्यावर थकून पडणारा माणूस. असल्या जगण्याला कुठलीच जात जुळत नाही. मी राहतोय, ते सोडा.

काकूंचे उपकार फेडायचेत. रानात मेंढरं बसवली की शेतकरी मेंढक्याला धान्य नाहीतर पैसे देतो, ही रीत आहे. माझी स्वतःची मेंढरं होतील असं मला वाटत नाही. पण कवातरी झालीच, तर ती सगळ्यांत आधी काकूंच्या रानात बसवीन, आणि त्याचं मूठभर धान्यही घेणार नाही.