थांबअण्णा आणि माझं एक वर्ष

थांबअण्णांनी फोटो काढताना कुणाला कधी "हसा" म्हटलं नाही. ते म्हणत, "थांब." गिऱ्हाईक स्टुलावर बसे, मान ताठ करी, श्वास कोंडून घेई, आणि अण्णा कॅमेऱ्यामागे नुसते उभे राहत. एक मिनिट जाई, दोन जात. गिऱ्हाईक कंटाळे, श्वास सोडे, 'हा माणूस झोपला की काय' अशा नजरेनं बघे, आणि तेवढ्यात खटकन बटण दाबलं जाई. आळंद बसस्टँडसमोरच्या त्या स्टुडिओतून निघालेल्या फोटोंत निम्मा तालुका किंचित वैतागलेला दिसतो, पण प्रत्येक जण हुबेहूब स्वतःसारखा दिसतो. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेलच, पण गावानं त्यांना थांबअण्णा केलं ते कायमचं.

स्टुडिओत एक काळा कोट होता. तो पैलवानालाही बसे आणि अकरावीच्या पोरालाही, कारण तो पाठीमागून चिमट्यांनी आवळता येई. अण्णा गिऱ्हाइकाला कन्नडात बसवत, मराठीत त्याची कॉलर नीट करत आणि दखनी उर्दूत त्याची चेष्टा करत. त्याआधी मात्र एक प्रश्न ठरलेला असे: "कशासाठी?" नोकरीसाठी, सोयरिकीसाठी, की भिंतीवर लावायला? मला हा प्रश्न फार जुनाट वाटायचा. फोटो तो फोटो, त्यात कशासाठी काय? पुढं हाच प्रश्न न विचारल्यामुळं माझी जी शोभा झाली, ती सांगतोच.

मी अण्णांकडे गेलो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि त्यावरून आपण मुळात कलावंत आहोत, असा निष्कर्ष काढला होता. आमची डाळमिल. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कटकट न करता माझ्या मोटरसायकलीपेक्षा महाग कॅमेरा घेऊन दिला आणि अट घातली: एक वर्ष. वर्षअखेरीस अण्णा "जमतंय" म्हणाले तर पुढं शिक, नाहीतर मिलच्या गादीवर येऊन बस. गादीवर दिवसभर तूर हुंगत बसायचं, या कल्पनेनंच मला घाम फुटायचा. त्यामुळं अण्णांचा तो एक शब्द म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं.

अण्णांनी माझा कॅमेरा दोन्ही हातांत घेतला, जोखला आणि परत दिला. म्हणाले, "चांगला हाय. दार नीट लागलं न्हाई तर टेकू लावायला येईल."

तिथं आधीपासून सुजाता शिकत होती. कडगंचीजवळच्या खेड्यातली, वडील गवंडी. तिच्याकडे कुणाकडून तरी चौथ्या हातानं आलेला कॅमेरा होता. त्याचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलेलं असे. तिच्या घरातली, भावकीतली लग्नं बौद्ध पद्धतीची, वंदना झाली, हार घातले की अर्ध्या तासात सगळं आटोपतं. त्यात फोटो काढून काढून तिचा हात असा चपळ झाला होता की, मी लेन्सचं टोपण शोधेपर्यंत ती मोकळी झालेली असे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमचं भांडण ठरलेलं. फोटोग्राफर कशानं होतो? मी म्हणे, गुणानं. तो जन्मतःच असावा लागतो. हे म्हणताना मी केसांतून हात फिरवी. सुजाता म्हणे, "पैसा असला की माणसाला गुणच दिसायलेत. बिनपैशाचं कुणी असं म्हटलेलं मी ऐकलं न्हाई." अप्पा कधी डोकावले तर म्हणत, कष्टानं, मी सगळं शून्यातून उभं केलं. त्या शून्यात आजोबांची मिल आणि चाळीस एकर जमीन होती, हे त्यांना आठवत नसे.

अण्णा या वादात पडत नसत. फक्त एकदा त्यांनी आम्हा दोघांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले. माझ्या फोटोंत सगळीकडे सोनेरी ऊन, लांब सावल्या, धूळसुद्धा केशरी. तिच्या फोटोंत भर दुपारचा पांढरा रखरखाट. मी मनातल्या मनात पहिला नंबर घेऊन टाकला.

"तिचे असे कामून आलेत, सांग," अण्णा म्हणाले.

"प्रकाशाची जाण कमी पडते," मी उदारपणे सांगितलं.

"तिच्या गावाची शेवटची बस साडेपाचला सुटते. तू मोटरसायकलवर ऊन उतरेपर्यंत हिंडायलास. संध्याकाळचं ऊन तिला परवडत न्हाई, एवढंच हाय."

सुजाता कॅमेऱ्याचं रबरबँड नीट करत राहिली. मी फोटो गोळा केले.

आता ती शोभा. वर्ष संपायला महिना उरला होता. एका सकाळी अण्णा दवाखान्यात गेले होते आणि फोन मी घेतला. खजुरीहून कुणीतरी म्हणालं, "मुत्त्यांचा घरच्या सगळ्यांसंगं फोटो काढायचाय, लगेच या." मुत्त्या म्हणजे आजोबा. 'कशासाठी' हे मी विचारलं नाही. सुजाताला लाईट धरायला घेतलं आणि भाड्याच्या जीपनं निघालो.

दारात मांडव, अंगणात भजन, टाळमृदंग, माणसांची ही गर्दी. मी ठरवून टाकलं, म्हातारबुवांनी नव्वदी गाठलेली दिसते. ओसरीवर मुत्त्या बसलेले. कपाळभर विभूती, गळ्यात हारांची रास, नवा फेटा. सुजातानं माझी बाही ओढली. "अरे, बघ तरी," ती कुजबुजली. मी म्हटलं, "लाईट वर धर." तोवर मी तिपाई रोवून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलं होतं.

पहिला फोटो घेतला. माझ्या महागड्या कॅमेऱ्यात एक सोय होती. फोटोत कुणाचे डोळे मिटले तर तो लगेच इशारा देई. त्यानं दिला.

"मुत्त्या, डोळे मिटायलात," मी म्हणालो. "परत एक."

पुन्हा इशारा. मी पडद्यातून मान न काढता आवाज चढवला. "मुत्त्या, जरा इकडं बघा. आणि मान अशी पाडू नका."

भजन थांबलं. टाळ वाजवणाऱ्याचे हात हवेतच राहिले. तेव्हा कुठं मी पडद्यातून मान वर काढली.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला असंच बसवतात, सजवतात आणि घरच्यांसोबत त्याचा शेवटचा फोटो काढतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या आजोबांना असंच बसवलेलं मी पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी माणसांकडे बघितलंच नव्हतं, फक्त पडद्याकडे बघत होतो.

मुत्त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती, वाळलेली, रडून रडून कोरडी झालेली म्हातारी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "साठ वर्षं मी सांगून थकले, इकडं बघा म्हणून," ती म्हणाली. "माझं ऐकलं न्हाई, लेकरा. तुझं काय ऐकतेत."

मग थोरल्या लेकीच्या तोंडून हसू फुटलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मग सून, मग नातवंडं, आणि हसता हसता सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. म्हातारीनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा होऊन मान खाली घालून, कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होतो.

खट्ट असा आवाज आला. सुजातानं लाईट खाली ठेवला होता आणि रबरबँडवाला कॅमेरा डोळ्याला लावला होता.

तो फोटो आज खजुरीत त्या भावकीच्या घराघरात आहे. भर दुपारचा, पांढऱ्या उन्हातला.

अण्णा मला रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते खजुरीला गेले, म्हातारीच्या पायांशी बसले आणि चहा पिऊन आले. वाटेत एवढंच म्हणाले, "तिला विचारलं, कितीदा सांगितलं पोरानं? म्हणाली, तीनदा. चिकाटी हाय तुझ्यात."

महिन्यानं वर्ष भरलं. अण्णा मिलवर आले. अप्पांनी गादीवर जागा करून दिली. मी समोरच्या पोत्यावर बसलो.

"शेठ, तुमच्या पोराला हे जमणार न्हाई," अण्णा म्हणाले.

वर्षभर अप्पा हेच ऐकायची वाट बघत होते, अशी माझी समजूत. पण त्यांचा चेहरा लाल झाला. "कामून जमणार न्हाई? माझं पोरगं हाय ते. अजून भारी कॅमेरा घेऊन देतो की."

"ह्याच्याहून भारी घेतला तर तो ह्याला घरीच ठेवून एकटाच जाईल," अण्णा म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

कॅमेरा मी सुजाताला नेऊन दिला. ती म्हणाली, "दिला म्हणू नको. सांभाळायला ठेवला म्हण." आता ती हैदराबादला असते. तिचं काम मासिकांत येतं. तिच्या गावचे लोक म्हणतात, पोरगी पहिल्यापासून हुशार. तिचे वडील म्हणतात, पोरीनं हाडाची काडं केली. आणि आमचे अप्पा मिलवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, कॅमेरा आमचा होता.

गेल्या वर्षी अण्णांचे गुडघे पार गेले. स्टुडिओ बंद करून ते बिदरला लेकीकडे राहायला निघाले. त्यांची ट्रंक मी बसवर चढवली आणि इतक्या दिवसांचं मनातलं विचारून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी खोटं बोलला असता तर मला अजून एक वर्ष मिळालं असतं."

"खोटंच बोलणार होतो," अण्णा म्हणाले. "'जमतंय' हा शब्द तोंडात आला होता. मग तुझ्याकडं बघितलं. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलेलं पोरगं बसतं ना, तसा बसला होतास पोत्यावर, पाय सोडून. तुला कळलंच नव्हतं. म्हटलं, कशाला पोराला अजून एक वर्ष कोंडून ठेवा."

बस हलली.

हे मी अप्पांना सांगितलेलं नाही. ते अजून म्हणतात, त्या थांबअण्णानं पोराचं वाटोळं केलं, नाहीतर कुठल्या कुठं गेला असता. मी शेजारी गादीवर मांडी घालून बसलेला असतो, तुरीची मूठ नाकाशी धरून, आणि त्यांच्या समाधानासाठी मान हलवतो.