राखेनं घासलेला कप

सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात तिचा चहाचा कप वेगळा झाला.

तिला पीसीओडी आहे हे लग्नानंतर कळलं होतं. पाळी महिनोन्‌महिने लांबायची, वजन वाढत होतं, हनुवटीवर राठ केस यायचे. मध्यंतरी दिवस राहिले, पण गर्भ टिकला नाही. म्हणून नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. त्यात टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या एका परजीवी जंतूची तपासणी होती. ती पॉझिटिव्ह आली.

आमचं गाव शेवगावजवळ. गाईंचं दूध डेअरीला जातं आणि पावतीवर फॅटचा आकडा बघितल्याशिवाय मी रिकामा कॅन उचलत नाही. हाही कागद मी तसाच बोट ठेवून वाचला आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारला.

"लागण जुनी आहे, औषधाची गरज नाही," बाई म्हणाल्या. "हा जंतू मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो. हाताला लागून, न धुतलेल्या भाजीतून, कच्च्या राहिलेल्या मटणातून पोटात जातो. उष्ट्यातून पसरत नाही. गर्भ यानंच गेला असंही मी म्हणणार नाही."

"आणि पाळीचा आजार? तो यानं झाला का?"

"त्या दोन्हींचा संबंध आहे का, जनुकांत काही बदल असतात का, हे शोधणारे शोधतायत. कल घराण्यातून येतो, आईकडून तसा बापाकडूनही. पण या एका जंतूनं झालं किंवा या एका जनुकानं झालं, असं आज कुणी सांगू शकत नाही. तिनं चालावं, वजन कमी करावं, गोळ्या चुकवू नयेत."

घरी मी हे जसंच्या तसं सांगितलं. माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्यातच राहतात, घरात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

"म्हंजी पोटात किडं हायेत हिच्या. आन वरून रगतातच खोट. लपवून दिली पोरगी. नातवंडं बी तशीच निपजायची."

"आक्का, डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत."

"त्या कशाला म्हनतील? धाकटे, अजून वेळ हाय. माहेरी धाड तिला. माझ्या भावाची पोरगी बिनलग्नाची हाय अजून."

सून दारातच उभी होती. माझा मुलगा मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला. बायकोला घरात ठेवायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं आणि त्याचा अंगठा स्क्रीनवर फिरत होता. मला त्याचीसुद्धा किळस आली.

सकाळी सुनेचा कप खिडकीत गेला. कानाला लाल दोरा बांधून. तिनं चहा पिऊन तो धुतला तरी जाऊबाई परत घासायच्या. साबणानं नाही, राखेनं. अंघोळीचं पाणी आमच्याकडे अजून परसातल्या चुलीवर तापतं आणि तिची राख मोरीशेजारी ढिगाला पडते. राखेनं सगळं शुद्ध होतं, यावर त्यांचा ठाम विश्वास.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. वैरणीच्या खोलीत उंदरांसाठी ठेवलेली मांजरी ढिगावर आली. पंजानं खड्डा केला, शेपटी वर करून बसली, मग पुन्हा राख ओढली आणि निवांत निघून गेली. मी हाक मारायच्या आत जाऊबाई कप घेऊन आल्या. ओल्या काथ्यानं तिथलीच मूठभर राख उचलली आणि कपाच्या आत गरागरा फिरवली. राखेत काहीतरी मऊ होतं. ते फुटलं. कपाच्या कडेला तपकिरी फराटा उठला आणि वास माझ्यापर्यंत आला.

"लई चिकट झालीय राख," असं म्हणत त्या आणखी जोरानं घासू लागल्या.

मी ओरडले, "आक्का, टाका तो! मांजराची घाण आहे ती!"

त्यांनी हात नाकाशी नेला. मग बराच वेळ मोरीत त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता.

मुलाला मी फावडं दिलं. तो नाकाला रुमाल बांधून ढीग उपसू लागला. राखेत थराथरानं मांजरीची घाण निघाली, वरची ताजी, मधली काळी, तळाची वाळून खडूसारखी झालेली. याच राखेनं आमची परात घासली जात होती, दुधाचं पातेलं घासलं जात होतं. सून बादली घेऊन मदतीला आली, तसा तो म्हणाला, "तू आत जा. याच्याजवळ यायचं नाही तू." इतक्या दिवसांत तो तिच्या बाजूनं पहिल्यांदाच काही बोलला, तेही घाणीत उभा राहून.

मग मी हट्टच धरला. माझं आणि जाऊबाईंचं रक्त तपासायला दिलं. त्या आल्या, कारण त्यांच्या हातांचा वास जाईना. दोघींचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. माझा आकडा तर सुनेच्या दुप्पट. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं, हे मी विचारून घेतलं. पण मला दोन मुलं झाली, जाऊबाईंना चार. पाळीचा त्रास आम्हा दोघींनाही कधी नव्हता.

"मशीन बिघडलं असंल," जाऊबाई म्हणाल्या.

"दोघींच्या वेळेला?" मी विचारलं. "की आपल्या दोघींनाही माहेरी धाडायचं? तुम्हाला भाऊ तरी आहे, माझी आई गेली. कुणाच्या दारात जाऊ?"

भावाच्या मुलीचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही.

संध्याकाळी सुनेनं चहा आणला. कप सारखेच, नवे.

"मोठ्या आई," ती शांतपणे म्हणाली, "दोरा तुमच्या कपाला बांधू का आईंच्या?"

मुलगा हसला. जाऊबाईंनी कप घेतला, उलटसुलट करून पाहिला, हुंगला आणि प्यायल्या.

मला मात्र पिववेना. उठून मी माझा कप पुन्हा धुतला.