वाकडं काज

शटर खडखडत वर जातं आणि उजेड आधी कापायच्या टेबलावर पडतो. मग दिसते मोठी कात्री, खडूचे तुकडे, जडशीळ इस्त्री, आणि सगळ्यात शेवटी खुर्चीत टेप गळ्यात घालून बसलेले मास्तर. टेप बायकोने घातलेला. तो नसला की त्यांचा जीव कासावीस होतो.

आसपासच्या चार गल्ल्यांचे कोट मास्तरांनी शिवले. कापणं-शिवणं त्यांचं, काजं बायकोची. प्रत्येक काजावरून ते अंगठा फिरवायचे. टाका जरा इकडेतिकडे झाला की ब्लेडने उसवून कोट पुन्हा तिच्या मांडीवर. वर टोमणा, "यातून बटणच काय, गिऱ्हाईकही निघून जाईल." ती जळफळायची. सासूबाईंनी केला नाही एवढा छळ हे काज करतं, म्हणायची.

मग मास्तरांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय लवकरच पूर्वीसारखे चालू लागले, सगळ्यांना हायसं वाटलं. पण माणूस आतून ओसरतच राहिला. एका कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या, आणि चुकलं काय ते त्यांना काही केल्या दिसेना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, झटक्यात मेला तो मेंदूचा लहानसा तुकडा. पण बाकीच्या पेशी एकमेकींना जिथे जोडलेल्या असतात, ते सांधे नंतरही निसटत जातात.

"म्हणजे कापड शाबूत आहे, टाके उसवतायत," बायको म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

आता कापायला दुसरा कारागीर येतो. काजं तिचीच. सवयीने ती कोट मास्तरांपुढे धरते, ते अंगठा फिरवून "छान" म्हणतात. प्रत्येकाला छान. जन्मभर ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आता तिच्या घशाखाली उतरत नाही.

शेवटी तिने मुद्दाम एक काज वाकडं केलं. टाके विरळ, टोकाला दोरा लोंबता. वाईट काम करायची सवय नाही, सुई पुन्हा पुन्हा सरळ रेषेकडेच वळत होती. कोट तिने त्यांच्या मांडीवर ठेवला, ब्लेड हाताशी सरकवलं. एकदा उसवा, एकदा चिडा, एवढंच तिचं मागणं.

अंगठा पहिल्या काजावरून गेला, दुसऱ्यावरून गेला, तिसऱ्यावर अडला. मागे आला. कपाळावर ती जुनी आठी उमटली. तिने ब्लेड आणखी जवळ सरकवलं.

मास्तरांनी ब्लेडला हातही लावला नाही. दुकानात आलेल्या परक्या बाईकडे पाहावं तसं अदबीने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नवीन मुलीचं काम दिसतंय. रागावू नका तिला. हात चांगला आहे, शिकेल."