खाटेवर बसून वाजवलेला ट्रम्पेट

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. मेहकरला एका कॉलेजात क्लार्क आहे, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. दर शनिवारी एसटीने देऊळघाटला यायचं, वडिलांचा खोकला ऐकायचा, सोमवारी पहाटे परत निघायचं. वडील बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवतात, वरातीपुढे चालत. छातीला आता हे झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मान हलवायचे आणि पुढच्या लग्नाची सुपारी घ्यायचे. सांगून सांगून मी थकले होते.

एकदा बसमध्ये मोबाइलवर ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका परदेशी जॅझवाल्याची रेकॉर्डिंग्ज सापडली. आत्ताच्या काळातला माणूस, वडिलांच्याच वयाचा. सूर इतका हळू सोडायचा की मधला श्वासही ऐकू यायचा. मग बराच वेळ नुसता थांबायचा. मला वाटलं, ट्रम्पेट सोडा म्हणण्यापेक्षा असा वाजवा म्हणावं.

वडिलांनी इअरफोन लावून ऐकलं. फटाक्यांत याचं काही ऐकू येणार नाही, म्हणाले. मग म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा लाव म्हणता म्हणता मोबाइलची बॅटरी संपली.

पुढच्या रविवारी दुपारी ते खाटेवर बसले आणि तसंच वाजवू लागले. हळू, थांबत थांबत. एकदाही खोकले नाहीत. मी आत भाकरी थापत होते. कितीतरी दिवसांनी जिवाला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात दारात माणसं जमली. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की तिरडीपुढे बँड लावतात, असंच संथ भजन वाजतं. वरात नाही, ढोल नाही, नुसता ट्रम्पेट; गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

"कोन गेलं व बाई?" शेजारच्या काकांनी मला हळूच विचारलं.

"मीच गेलो," खाटेवरून वडील म्हणाले. "बसा, चहा घ्या, मंग उचला मले."

सगळे हसले. चहा झाला. वाजवाचंच होतं तं जोरात वाजवाचं बे, असं वडिलांना सुनावून काका निघाले.

लोक गेल्यावर वडिलांनी ट्रम्पेट फडक्यात गुंडाळला.

"बसून वाजोलं तं लोक मेला समजतात, पोरी. मले चालू दे."

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाले, चाला, पण अख्खं गाणं एकट्याने वाजवू नका.

त्यानंतरच्या लग्नाला मी रजा टाकून गेले. वरातीच्या कडेने पाण्याची बाटली घेऊन चालत राहिले. गाण्याचा मुखडा ते वाजवायचे, पुढचं क्लॅरिनेटवाला उचलायचा. तेवढं त्यांनी माझं ऐकलं होतं. मारुतीच्या देवळापाशी त्यांनी ट्रम्पेट खाली केला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दम खात उभे राहिले. वरात पुढे गेली. मी बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. जरा वेळाने त्यांनी हात काढला आणि आम्ही दोघं वाजवणाऱ्यांच्या मागे चालू लागलो.